संगीतात पदवी हवी, कर्ज मात्र झेपेल एवढंच (अमेरिका)

आडवाटेने
मूल अकरावीत, वाद्य व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं). राज्य मिनेसोटा, घरात सगळे नागरिक. पदवी संगीतातच हे ठरलेलं आहे, त्यामुळे ‘इंजिनिअरिंग करा आणि छंद म्हणून वाजवा’ हा सल्ला कृपया नको. घरून वर्षाला १५ हजार डॉलर देता येतील, त्यापुढे नाही. उत्पन्न असं की गरजेवर मिळणारी मदत फारशी पदरात पडणार नाही.

नावाजलेल्या कॉन्झर्वेटरीचा (फक्त संगीत शिकवणाऱ्या संस्थेचा) खरंच फायदा होतो, की सरकारी विद्यापीठ पुरेसं आहे? शिष्यवृत्ती नेमकी कशावर ठरते? आणि हप्ते फिटतील अशी नोकरी कुठल्या पदवीने मिळते? आकडे असतील तर आकडे द्या.

हिशेबनीस
कॉलेजांची यादी बाजूला ठेवा, आधी कर्जाची कमाल मर्यादा ठरवा. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी डायरेक्ट लोन पहिल्या वर्षी ५५००, दुसऱ्या वर्षी ६५००, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी ७५०० मिळतं. चार वर्षांचे झाले २७ हजार. आयुष्यभराची पदवीपूर्व मर्यादा ३१ हजार. संगीताच्या पदवीसाठी हीच लक्ष्मणरेषा समजा. जे कॉलेज या रकमेत आणि घरच्या पैशांत बसत नाही, ते परवडत नाही. मग ते कितीही नामांकित असो.

ही रेषा ओलांडली की पालकांचं सरकारी ‘प्लस’ कर्ज नाहीतर खासगी बँक. प्लसवर १ जुलै २०२६ पासून मर्यादा आली आहे : एका मुलामागे वर्षाला २० हजार, एकूण ६५ हजार. पूर्वी कॉलेजचा उरलेला सगळा खर्च त्यात उचलता यायचा, तो मार्ग बंद झाला. प्लसचा खरा तोटा वेगळाच आहे. ते पालकांच्या नावावर असतं. मूल सरकारी शाळेत शिक्षक झालं तर त्याचं स्वतःचं कर्ज १२० हप्त्यांनंतर माफ होऊ शकतं, पण प्लससाठी मुलाची नोकरी मोजतच नाहीत. पालक खासगी कंपनीत असतील तर माफीचा प्रश्नच येत नाही.

उत्पन्न ८० हजारांच्या आत असतं तर मिनेसोटात नॉर्थ स्टार प्रॉमिस या राज्याच्या योजनेखाली सरकारी कॉलेजची ट्यूशन (शिकवणीची फी) माफ झाली असती (२०२४ च्या फॉल, म्हणजे शरदातल्या सेमिस्टरपासून). इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो.

मंद्रपंचम
शिष्यवृत्ती कशावर ठरते याचं थोडक्यात उत्तर : ऑडिशन, आणि त्या वर्षी त्या वाद्याची किती गरज आहे त्यावर. दुसरा भाग लोक विसरतात. ऑर्केस्ट्राला दहा व्हायोला लागतात आणि यंदा चार जण पास होऊन जाणार, तर त्या चार जागा भरायला विभागाकडे पैसे ठेवलेले असतात. बासरी, सॅक्सोफोन, पियानो, सोप्रानो यांची रांग मोठी असते. व्हायोला, डबल बास, ओबो, बसून, फ्रेंच हॉर्न यांची तशी नसते. तेव्हा व्हायोला म्हणजे तुमच्या बाजूचं पान आहे.

त्यामुळे सप्टेंबरातच व्हायोलाच्या प्राध्यापकांना थेट मेल करा. मुलाने करावा, पालकांनी नव्हे. दोन प्रश्न पुरेत : पुढच्या फॉलमध्ये स्टुडिओत (त्यांच्या विद्यार्थ्यांच्या गटात) किती जागा सुटतायत, आणि ट्रायल लेसन मिळेल का. काही जण एक धडा फुकट देतात, काही तासाचे पैसे घेतात. त्या धड्यात मूल कसं वाजवतं यापेक्षा दिलेली सूचना किती पटकन उचलतं, याकडे शिकवणाऱ्याचं लक्ष असतं.

आणि हे नक्की विचारा : वैयक्तिक धडा कोण देणार, स्वतः प्राध्यापक की मास्टर्सचा विद्यार्थी? मोठ्या नावाच्या ठिकाणी कधीकधी नाव एकाचं आणि धडे दुसऱ्याचे.

तिहाई
पदवीचे प्रकार आधी नीट वेगळे करूया, नाहीतर चर्चा भरकटेल. एनएएसएम ही संगीत विभागांना मान्यता देणारी संस्था, तिच्या निकषांनुसार ढोबळ वाटणी अशी :

बी.एम. (बॅचलर ऑफ म्युझिक) परफॉर्मन्समध्ये साधारण ६५ टक्के किंवा जास्त भाग संगीताचा. बी.ए. म्युझिकमध्ये ३० ते ४५ टक्के. म्युझिक एज्युकेशनमध्ये निम्मा संगीत, उरलेल्यात अध्यापनशास्त्र आणि सामान्य विषय.

‘पदवीचे पैसे वसूल होणं’ याच्याशी या वाटणीचा थेट संबंध आहे. सिंफनीच्या ऑडिशनला पडद्यामागे वाजवायचं असतं, तिथे कोणी पदवी विचारत नाही. म्हणजे परफॉर्मन्सची पदवी नोकरीचा परवाना देत नाही, फक्त चार वर्षांचा सराव आणि ओळखी देते. म्युझिक एज्युकेशनची पदवी परवाना देते. बी.ए. मध्ये दुसऱ्या मेजरला (मुख्य विषयाला) जागा उरते, बी.एम. मध्ये ती जवळजवळ उरत नाही.

वाजवण्यात करिअर करायचं असेल तरीही मी म्युझिक एज्युकेशनच सुचवेन. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत दोन्हींची वाद्याची ऑडिशन एकच असते आणि धडे त्याच प्राध्यापकांकडे. परफॉर्मन्सचा मास्टर्स त्यानंतरही करता येतो.

मिनेसोटासाठी एक खास गोष्ट : तिथे संगीत शिक्षकाचे परवाने दोन वेगळे आहेत, एक वाद्य आणि वर्गसंगीत, दुसरा गायन आणि वर्गसंगीत. लहान स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये स्वतंत्र ऑर्केस्ट्रा नसतो, एकच माणूस बँड घेतो आणि कॉयरही घेतो. व्हायोला वाजवणाऱ्याने ब्रास आणि वुडविंड टेक्निक्सचे (फुंकून वाजवायची वाद्यं शिकण्याचे) तास मनापासून केले नाहीत, तर नोकऱ्या फक्त मोठ्या उपनगरांत शोधाव्या लागतात.

आडवाटेने
कॉलेज स्कोअरकार्डवर (पदवीधरांचं उत्पन्न दाखवणारं सरकारी संकेतस्थळ) पाहिलं. म्युझिकचं उत्पन्न बऱ्याच ठिकाणी दाखवलेलंच नाही. शिक्षकांचं दिसतं आणि बरं दिसतं. म्युझिक थेरपीचं तर चांगलंच जास्त दिसतं. यावर किती विसंबायचं?

हिशेबनीस
बेताने विसंबायचं. तिथे अभ्यासक्रम चार आकडी सीआयपी कोडने (अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणाने) एकत्र केलेले असतात. म्युझिकचा ५०.०९ ठीक आहे. पण म्युझिक एज्युकेशन १३.१३ मध्ये जातं आणि त्यात गणित, विज्ञान, पीटी, चित्रकला सगळे विषयशिक्षक एकत्र आहेत. म्युझिक थेरपी ५१.२३ मध्ये, म्हणजे फिजिकल आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या शेजारी. तुम्हाला दिसलेला तो मोठा आकडा म्युझिक थेरपिस्टचा असण्याची शक्यता कमी.

शिवाय हे आकडे फक्त सरकारी मदत किंवा कर्ज घेतलेल्यांचे असतात. आणि गट लहान असेल तर खासगीपणासाठी आकडा झाकतात. वर्षाला बारा जण पास होणाऱ्या विभागाचं उत्पन्न म्हणून दिसत नाही.

शिक्षकाचा पगार बघायला याहून सरळ जागा आहे : डिस्ट्रिक्टचा सॅलरी शेड्यूल. संकेतस्थळावर पीडीएफ असतो. उभ्या ओळीत नोकरीची वर्षं, आडव्यात शिक्षण (बी.ए., बी.ए. अधिक १५ क्रेडिट, एम.ए. वगैरे). संगीत शिक्षकाला त्याच तक्त्याने पगार मिळतो. बँड किंवा ऑर्केस्ट्राचा जादा मोबदला वेगळ्या यादीत असतो, तीही उघडा.

स्कोअरकार्डला आणखी एका कारणाने महत्त्व आलं आहे. नव्या कायद्यानुसार एखाद्या अभ्यासक्रमाच्या पदवीधरांचं मध्यम उत्पन्न, फक्त हायस्कूल झालेल्यांपेक्षा तीनपैकी दोन वर्षं कमी भरलं, तर त्या अभ्यासक्रमाला डायरेक्ट लोन बंद होऊ शकतं. परफॉर्मन्सचे काही महागडे कार्यक्रम यात सापडू शकतात. निवडलेल्या कॉलेजला हे सरळ विचारा, वाईट वाटून घेणार नाहीत.

ओलीरीड
खर्चाच्या पत्रकात न दिसणाऱ्या गोष्टी :

अप्लाइड म्युझिक फी. वैयक्तिक धड्यांची ही फी दर सेमिस्टरला ट्यूशनवर वेगळी लागते. काही ठिकाणी मेजरना माफ, काही ठिकाणी अर्ध्या तासाला एक दर आणि तासाला दुप्पट.

साथीदार पियानोवादक. ज्युरीला (प्राध्यापकांपुढची वादनाची परीक्षा) आणि रिसायटलला (एकल कार्यक्रम) तो लागतो. काही विभाग पगारी ठेवतात, काही विद्यार्थ्याला स्वतः शोधून पैसे द्यायला सांगतात. ज्युनिअर आणि सीनिअर रिसायटलच्या वर्षी हा आकडा फुगतो.

जादा क्रेडिट. हा सगळ्यात लपलेला. अनेक विद्यापीठांत १२ ते १८ क्रेडिटला एकच सपाट ट्यूशन. संगीताच्या विद्यार्थ्याचं सेमिस्टर असं दिसतं : थिअरी ३, कर्णसाधना १, पियानो १, वैयक्तिक धडा २, ऑर्केस्ट्रा १, चेंबर (छोटा वाद्यगट) १, टेक्निक्स १, संगीताचा इतिहास ३, सामान्य विषय ३ आणि आणखी ३. झाले १९. तो एकोणिसावा क्रेडिट पूर्ण दराने. उपाय : ऑर्केस्ट्रा किंवा चेंबर शून्य क्रेडिटवर घेता येतो का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी तशी सोय असते आणि कोणी आपणहून सांगत नाही.

वाद्य. शाळेचं भाड्याचं व्हायोला ऑडिशनला चालेल, चार वर्षं चालेलच असं नाही. तंतुवाद्यवाले तसे नशीबवान, जुनं वाद्य किंमत धरून राहतं. बसूनवाल्यांना विचारा, नवं व्यावसायिक दर्जाचं वाद्य २० हजार डॉलरच्या पुढेच. काही विभाग वाद्य उसनं देतात, हे ट्रायल लेसनलाच विचारून घ्यावं. वाद्याचा विमा घरच्या पॉलिसीत धरलेला आहे असं समजू नका, पैसे घेऊन वाजवायला लागलं की पुष्कळ पॉलिसी हात वर करतात.

कम्युनिटीवाला
पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून पैसे वाचवा, हा सल्ला बाकी विषयांत सोन्यासारखा आहे. संगीतात त्यात खड्डा आहे.

थिअरीचा क्रम चार सेमिस्टरचा असतो आणि बहुतेक ठिकाणी पहिली थिअरी फक्त फॉलमध्ये सुरू होते. बदली होऊन गेल्यावर विद्यापीठ थिअरी, कर्णसाधना आणि पियानोची प्लेसमेंट परीक्षा घेतं. ‘थिअरी ४’ चे क्रेडिट ट्रान्स्क्रिप्टवर आले तरी परीक्षेत तिसऱ्या पातळीवर बसवलं, तर एक वर्ष गेलंच म्हणून समजा. वाद्याचंही तसंच. धड्यांचे क्रेडिट ‘इलेक्टिव्ह’ म्हणून जमा होतात आणि पुन्हा पहिल्या पातळीपासून ज्युरी द्यायला लागतात.

हे टाळायचं तर क्रम असा : आधी विद्यापीठ ठरवा, त्यांच्या संगीत विभागाकडून (ॲडमिशन ऑफिसकडून नव्हे) लेखी घ्या की अमुक कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स त्यांच्या कुठल्या कोर्सच्या जागी चालतो. मग दोन वर्षं सामान्य विषय आणि थिअरी तिथे करा. व्हायोलाचा खासगी शिक्षक मात्र आत्ता आहे तोच ठेवा, तिथे कंजुषी नको.

एपी (हायस्कूलमध्येच कॉलेजचे क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षा) क्रेडिटबद्दलही गैरसमज असतो. एपीने सामान्य विषय कमी होतात, पण बी.एम. ला सात-आठ सेमिस्टर धडे आणि ऑर्केस्ट्रा सक्तीचे असतात. म्हणून पदवी लवकर संपत नाही, सेमिस्टर हलकं होतं इतकंच. बी.ए. मात्र खरोखर लवकर संपवता येतं. एपी म्युझिक थिअरीत ५ पडले तरी प्लेसमेंट परीक्षा चुकत नाही.

सीमापार
वर ‘सगळे नागरिक’ लिहिलंय म्हणून बरं. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असणाऱ्यांसाठी चित्र वेगळं आहे आणि आपल्या लोकांत हे विचारणारे पुष्कळ असतात.

फाफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) नाही, म्हणजे पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) नाही आणि डायरेक्ट लोनही नाही. खासगी बँक नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला जामीन मागते. ऑडिशनवर मिळणारी शिष्यवृत्ती कॉलेजची स्वतःची असते, तिला व्हिसा सहसा आड येत नाही. म्हणून अशा मुलांनी सगळा जोर तिथे लावावा. राज्यातल्या रहिवाशाचा दर एच-४ ला लागतो की नाही हे राज्यागणिक बदलतं, आणि २१ वर्षं पूर्ण झाल्यावर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) व्हावं लागलं की तो दर टिकेल का हेही आधी विचारायचं.

सगळ्यात मोठी अडचण कामाची. एच-४ ची मुलं पैसे घेऊन वाजवू शकत नाहीत. एफ-१ वरही कॅम्पसबाहेर लग्नात, चर्चमध्ये पैसे घेऊन वाजवणं म्हणजे परवानगीशिवाय काम. ‘रोख घेतले’ ही सबब चालत नाही. पदवीनंतर ओपीटी (तात्पुरती कामाची परवानगी) १२ महिने, परफॉर्मन्स किंवा एज्युकेशन स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत) नसल्याने २४ महिन्यांची वाढ नाही. त्यातल्या त्यात सोय अशी की वादकांना ओपीटीवर अनेक ठिकाणची छोटी कामं जोडून दाखवता येतात. तारीख, जागा, कालावधी यांची यादी ठेवायची आणि आठवड्याला किमान २० तास भरले पाहिजेत. बेकारीचे एकूण ९० दिवस ही मर्यादा.

सरगमएक्स्प्रेस
सगळे सरकारी विद्यापीठाच्या मागे का लागलेत? कर्टिस फुकट आहे ना!

मंद्रपंचम
फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये १९२८ पासून कोणाकडूनही ट्यूशन घेत नाहीत, बरोबर. लॉस एंजलिसच्या कोलबर्न कॉन्झर्वेटरीत तर राहणं-जेवणही धरलेलं असतं. पण एखाद्या वर्षी व्हायोलाच्या एक-दोन जागा. अर्ज जरूर करा, पण तो लॉटरीच्या तिकिटासारखा. येलचं स्कूल ऑफ म्युझिक २००५ च्या १० कोटी डॉलरच्या देणगीपासून ट्यूशनमुक्त आहे, पण ते पदवीनंतरचं, म्हणून ते आत्ता नाही तर चार वर्षांनी लक्षात ठेवा. परफॉर्मन्सचं मोठं नाव घ्यायचंच असेल तर ते मास्टर्सला आणि कोणाच्या तरी पैशाने घ्यावं.

केंटकीतलं बेरिया कॉलेज १८९२ पासून ट्यूशन घेत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला कॅम्पसवर काम करावं लागतं. पण तिथे प्रवेशच कमी उत्पन्नाच्या घरांना आहे, धागाकर्त्यांना तो लागू होणार नाही.

राइनकाठ
जर्मनीचा पर्याय दोन ओळींत. सरकारी म्युझिकहोखशूलेंत (संगीत महाविद्यालयांत) बहुतेक राज्यांत ट्यूशन नाही. अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग, तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो. फ्रायबुर्ग, श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, मानहाइम आणि ट्रॉसिंगन या पाचही संस्था त्या राज्यात. लाइपझिगची संस्थाही वेगळी फी घेते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ऑडिशनची पातळी उंच, जर्मन भाषा बी-१ किंवा बी-२ पातळीची, आणि शिकवण्याचा अमेरिकी परवाना त्या पदवीने आपोआप मिळत नाही. शिक्षक व्हायचं असेल तर हा रस्ता नको.

तिहाई
म्युझिक थेरपी वर आलं म्हणून. अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशनने मान्य केलेलाच अभ्यासक्रम लागतो. एकूण १२०० तास क्लिनिकल प्रशिक्षण, त्यातले किमान ९०० इंटर्नशिपचे. इंटर्नशिप साधारण सहा महिन्यांची, बहुतेक वेळा बिनपगारी आणि बरेचदा दुसऱ्या शहरात. त्या सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण पदवीच्या खर्चात धरलेलं नसतं. नंतर बोर्डाची परीक्षा. काम चांगलं आहे, पण अनेक जागा मास्टर्स मागतात. गिटार, पियानो आणि गळा तिन्ही चालावे लागतात, नुसतं व्हायोला उपयोगाचं नाही.

ओलीरीड
लष्करी बँड विसरू नका. पदवी लागत नाही, ऑडिशन लागते, पगार नियमित. वॉशिंग्टनमधला मरीन बँड १७९८ पासूनचा, तिथे थेट ई-६ (स्टाफ सार्जंट) हुद्द्यावर घेतात आणि बूट कँपही (लष्करी प्राथमिक प्रशिक्षण) नाही. व्हायोलाला तिथल्या चेंबर ऑर्केस्ट्रात जागा असतात. तशा जागा क्वचितच सुटतात, पण सुटल्या की उघड जाहिरात येते.

गातीचिमणी
इथे भारतीय संगीत शिकलेल्या मुलांचं काय? गांधर्व महाविद्यालयाची विशारद झालेली असेल तर क्रेडिट मिळतात का?

तिहाई
सहसा नाही. अर्जात सलग अभ्यासाचा पुरावा म्हणून वजन पडतं, ते जरूर लिहावं. पण बी.एम. गायनाच्या ऑडिशनला पाश्चात्त्य शास्त्रीय गाणीच मागतात. ख्याल गाऊन व्हॉइस मेजर होत नाही. स्टाफ नोटेशन वाचता आलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच सेमिस्टरला थिअरीत गचके बसतात. एथ्नोम्युझिकॉलॉजीकडे (जगातल्या संगीतपरंपरांचा अभ्यास) बघा, यूसीएलएत त्यात बी.ए. आहे. पैसे वसूल होण्याच्या दृष्टीने विचाराल तर बी.ए. ठेवून दुसरा मेजर जोडणं बरं.

आडवाटेने
सगळ्यांचे आभार. आता पुढचा प्रश्न. शेजारच्या राज्यांत गेलं तर बाहेरचा दर लागतो ना? आणि कॉलेजांची खर्च-शिष्यवृत्तीची पत्रं हातात आली की तुलना कशी करायची?

हिशेबनीस
मिनेसोटाचं विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा आणि साउथ डकोटाशी रेसिप्रोसिटी (परस्पर सवलतीचा करार) आहे, बाहेरचा पूर्ण दर लागत नाही. विस्कॉन्सिनसाठी मिनेसोटाच्या उच्चशिक्षण कार्यालयाकडे वेगळा अर्ज करायचा असतो, तो आपोआप होत नाही. यूडब्ल्यू (युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन) ओ क्लेअर हे त्यातलं बघण्यासारखं. त्याशिवाय मिडवेस्ट एक्स्चेंज या राज्यांच्या सवलत योजनेत भाग घेणारी सरकारी विद्यापीठं रहिवाशाच्या दराच्या दीडपटीपेक्षा जास्त घेत नाहीत, पण कॅम्पस आणि मेजर तपासा, प्रत्येक अभ्यासक्रम त्यात नसतो. पश्चिमेकडच्या राज्यांतल्या रहिवाशांसाठी अशीच डब्ल्यूयूई योजना आहे, तीही दीडपट, पण मिनेसोटा तिच्यात नाही. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत किमान १००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली की बाहेरच्यालाही रहिवाशाचा दर लावता येतो. छोट्या शिष्यवृत्तीने मोठी सूट मिळते ती अशी.

आता तुलना. आकडे नमुन्याचे आहेत, पद्धत बघा.

तुमच्याकडचे पैसे : घरचे १५ हजार × ४ = ६० हजार. सरकारी कर्ज २७ हजार. उन्हाळ्याचं आणि कॅम्पसवरचं काम वर्षाला ३५०० धरून १४ हजार. एकूण १,०१,०००.

पत्र अ, खासगी : एकूण खर्च ६२ हजार, सगळ्या शिष्यवृत्त्या मिळून ३४ हजार, पहिल्या वर्षी खिशातून २८ हजार. पत्र ब, रेसिप्रोसिटीवालं सरकारी : खर्च २६ हजार, शिष्यवृत्ती ३ हजार, खिशातून २३ हजार. पहिल्या वर्षी फरक फक्त ५ हजार, म्हणून लोक ‘नाव मोठं आहे, घेऊन टाकू’ म्हणतात.

पण शिष्यवृत्तीची रक्कम स्थिर राहते आणि खर्च वाढतो. अ दरवर्षी ४ टक्के वाढला तर खिशातून अनुक्रमे २८,०००, ३०,४८०, ३३,०५९ आणि ३५,७४२. बेरीज १,२७,२८१. म्हणजे २६ हजारांचं भोक. ब ३ टक्क्यांनी वाढला तर २३,०००, २३,७८०, २४,५८३, २५,४११, बेरीज ९६,७७४. बसतं.

बहुतेकांचा हिशेब इथे संपतो. म्युझिक एज्युकेशनला पुष्कळ ठिकाणी शिकवण्याच्या सरावाचं नववं सेमिस्टर लागतं आणि शिष्यवृत्तीच्या पत्रात ‘आठ सेमिस्टर’ लिहिलेलं असतं. ते नववं पूर्ण दराने, ब मध्ये साधारण १४,६००. दिवसभर शाळेत बिनपगारी, त्यामुळे कामाचे पैसेही नाहीत. एकूण झाले १,११,४०० च्या आसपास. जमा बाजू : घरून अर्ध्या वर्षाचे ७५००. कर्जाच्या ३१ हजारांतले ४ हजार शिल्लक आहेत, पण शेवटचं एकच सेमिस्टर उरलं की वार्षिक मर्यादा प्रमाणात कापतात, म्हणून ७५०० चे अर्धे ३७५०. एकूण जमा १,१२,२५०. जेमतेम जमतं, साडेआठशे डॉलर उरतात. आणि यात ओलीरीड यांनी लिहिलेला साथीदार अजून धरलेला नाही!

कर्ज ३०,७५०. जुलै २०२६ नंतरच्या कर्जांना नवा ठरावीक हप्ता आहे, २५ ते ५० हजारांच्या कर्जाला १५ वर्षं. साडेसहा टक्के व्याजाने महिन्याला २७० च्या आत-बाहेर, शिकताना साचलेलं व्याज धरून थोडं वर. उत्पन्नावर आधारित नवी योजना घेतली तर ४८ हजार उत्पन्नाला ४ टक्के, म्हणजे महिना १६०, आणि सरकारी शाळेत असल्यास तेही हप्ते माफीच्या १२० मध्ये मोजले जातात. शिक्षकाच्या पगारात हे बसतं. फुटकळ वादनाच्या कमाईत बसेलच असं नाही.

मंद्रपंचम
हिशेबनीस यांच्या हिशेबाला जोडून : पत्र आल्यावर पैसे वाढवून मागता येतात. गरजेच्या मदतीचा अर्ज वित्त विभागाकडे, ऑडिशनच्या पैशाची मागणी संगीत विभागाकडे. दोन्ही एकाच मेलमध्ये घालू नका. संगीत विभागाला लिहिताना दुसऱ्या तोडीच्या विभागाचं पत्र जोडा आणि आकडा स्पष्ट मागा : ‘वर्षाला आणखी २५०० मिळाले तर मी नक्की येतो.’ आणि ते खरं असेल तरच लिहा. मागताना नवव्या सेमिस्टरचाही उल्लेख करा. पैसे वाढवायला जे नाही म्हणतात, ते पुष्कळदा मुदत वाढवायला हो म्हणतात.

एक सापळा : संगीताची शिष्यवृत्ती वाढली की काही कॉलेजं गरजेची ग्रँट तेवढीच कमी करतात. हातात शून्य. म्हणून वाढीव रकमेनंतर संपूर्ण पत्रक नव्याने मागवा. अटीही वाचा : कुठल्या एन्सेंबलमध्ये (वाद्यवृंदात) वाजवायचं, किती जीपीए (गुणांची सरासरी), मेजर बदललं तर काय. ऑर्केस्ट्राच्या शिष्यवृत्त्या काही ठिकाणी बिगर-मेजरनाही असतात, बी.ए. आणि दुसरा मेजर करणाऱ्यांनी ते विचारावं.

आडवाटेने
आता फक्त तारखा सांगा, भिंतीवर लावतो.

कम्युनिटीवाला
अकरावीचा वसंत : नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता पडणाऱ्या खर्चाचा अंदाज) सगळ्या कॉलेजांचे भरून ठेवा. ते प्रत्येक कॉलेजला ठेवावंच लागतं, पण त्यात ऑडिशनची शिष्यवृत्ती धरलेली नसते. उन्हाळा : ऑडिशनचा संच पक्का. व्हायोलासाठी बहुधा बाखच्या सुइटमधले विरुद्ध लयीचे दोन भाग (मूव्हमेंट), कॉन्चेर्टोचा पहिला भाग (श्टामित्स किंवा हॉफमाइस्टर पुष्कळ ठिकाणी चालतात), एक एत्यूद (सरावाची रचना), तीन सप्तकांच्या स्केल्स. पाच कॉलेजांच्या याद्या शेजारी ठेवा आणि सगळीकडे चालेल असा एकच संच निवडा.

सप्टेंबर : प्राध्यापकांना मेल. ऑक्टोबर : फाफ्सा साधारण १ तारखेला उघडतो, खासगी कॉलेज असल्यास सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा अर्जही. प्रीस्क्रीन व्हिडिओ (प्रत्यक्ष ऑडिशनआधीच्या निवडीचा) ऑक्टोबरातच करून टाका, मुदत १ नोव्हेंबर ते १ डिसेंबरच्या दरम्यान असते. व्हिडिओत एका रचनेत मध्ये कट नको, दोन रचनांच्या मध्ये कॅमेरा बंद केला तर सहसा चालतं. डावा हात, बो आणि चेहरा एकाच चौकटीत हवेत. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो, जोरात (फोर्टे) आणि हळू (पियानो) वाजवलेलं सारखंच ऐकू येतं. ती सेटिंग बंद होत नसेल तर साधा बाहेरचा माइक लावा आणि वाद्यापासून सात-आठ फुटांवर ठेवा.

जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत प्रत्यक्ष ऑडिशन. हिवाळ्यात गाडीने जात असाल तर आदल्या दिवशी पोचा, आणि व्हायोला रात्री गाडीत ठेवू नका, थंडीने जोड उघडतात. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पत्रं, पैसे वाढवून मागायचे ते पहिल्या दोन आठवड्यांत. १ मे ला डिपॉझिट.

हिशेबनीस
डिपॉझिट भरलं की बाकीच्या कॉलेजांना ‘येत नाही’ असं त्याच दिवशी कळवा. प्राध्यापकाकडे वेटलिस्टवरचा दुसरा व्हायोला थांबलेला असतो, आणि चार वर्षांनी मास्टर्सला त्याच माणसापुढे वाजवायची वेळ येऊ शकते.